चक्का म्हणजे फणस

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ गेल्या महिन्यात केरळला जाऊन आले. पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता धरून. परत आल्यावर त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं नि म्हणाले, "काय हो, तुमची सासुरवाडी पाहून टाकली!"

'पाहून टाकली' हे क्रियापद मला फार आवडलं. आपण मराठी माणसं विजेचं बिल भरून टाकतो, मुलीचं लग्न उरकून टाकतो, तसाच एखादा प्रदेशही पाहून टाकतो. एकदा टाकला की पुन्हा उचलायला नको. पाचवा मजला येईपर्यंत त्यांनी मला केरळची संपूर्ण संस्कृती समजावून दिली. मुन्नारला चहा, थेक्कडीला हत्ती, अलेप्पीला हाउसबोट, सगळ्यात खोबरेल तेल, आणि भाषा म्हणजे डब्यात खडे घालून वाजवल्यासारखी. मी गप्प बसलो. स्वभावाने गरीब आहे म्हणून नव्हे. १९८० साली मी स्वतः त्यांच्याहून मोठा गाढव होतो, म्हणून.

हा लेख भांडणाचा आहे हे आधीच सांगून टाकतो. (पाहा, मीसुद्धा 'टाकतो'च!) भांडण त्या सज्जन गृहस्थांशी नाही. ज्यांच्या घरात परप्रांतातून सून आली, बायको आली, जावई आला, आणि 'आता ती आपलीच झाली हो!' असं म्हणून जे निर्धास्त झोपी गेले, त्या सर्वांशी आहे. 'आपलीच झाली' हे वाक्य वरून मोठं प्रेमळ दिसतं. जरा उलटं करून पाहा. 'तिचं म्हणून जे काही होतं त्याची चौकशी आता करायला नको' असा त्याचा अर्थ निघतो.

आमचं लग्न १९७९ सालचं. ही आमच्याच कचेरीत स्टेनो होती. त्या काळी फोर्टातल्या कचेऱ्यांमधून बिनचूक इंग्रजी पत्रं बाहेर पडत, त्याचं श्रेय साहेबांच्या इंग्रजीला नव्हतं; पालघाट-त्रिचूरकडून आलेल्या स्टेनोंना होतं. आमच्या घरी पहिला प्रश्न आला तो आत्याचा. "मद्रासी आहे का रे?" मी म्हटलं, "नाही, केरळची." आत्या म्हणाली, "म्हणजे मद्रासीच की!" त्या वर्षांत मुंबईत 'मद्रासी' आणि 'लुंगी' हे शब्द काय सुरात उच्चारले जात, हे आठवणारे वाचक अजून असतील. लोकलच्या लेडीज डब्यात ते शब्द हिने रोज ऐकले. मला सांगितले नाहीत. मीही विचारले नाहीत.

लग्नात रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहिलं : मंगला. तिचं माहेरचं नाव तंकम. तंकम म्हणजे सोनं, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. म्हणजे सोन्याच्या अंगठीने आम्ही सोनंच खोडलं, आणि वर पेढे वाटले.

१९८०च्या मे महिन्यात मी प्रथम सासुरवाडीला गेलो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. गाडी पुणे, सोलापूर, गुंतकल असा घाटावरून वळसा घेत, दोन रात्री आपल्याला शिजवून, तिसऱ्या दिवशी ओट्टपालमला उतरवून देई. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई हसतमुखाने म्हणाल्या, "चक्का!" मी मनात म्हटलं, बघा, जावई मराठी म्हणून म्हातारीने श्रीखंडाचा बेत केलाय! समोर आले फणसाचे गरे. मल्याळममध्ये चक्का म्हणजे फणस. दुपारी जेवणाच्या शेवटी 'मोर' वाढायला निघाले, तेव्हा माझ्यातला शाकाहारी दचकला. ते ताक निघालं. संध्याकाळी खवणीवर बोट कापलं म्हणून मी 'पट्टी, पट्टी' करून ओरडलो, तर मेहुणा काठी घेऊन अंगणात धावला. पट्टी म्हणजे कुत्रा! वर हा मेहुणा मला 'अळियन' अशी हाक मारी. अळियन म्हणजे बहिणीचा नवरा; पण मला तो परग्रहावरचाच प्राणी समजतोय अशी माझी खात्री झाली, आणि ती फारशी चूक नव्हती.

चक्का, मोर, पट्टी आणि अळियन या चार शब्दांवर मी पुढे तीस वर्षं मैफली जिंकल्या. पहिली दहा वर्षं ही माझ्याबरोबर हसली. पुढे गोष्ट सुरू झाली की ती चहा टाकायला आत जाऊ लागली. माझं मल्याळम त्या चार शब्दांवरच थांबलं, कारण विनोदाला तेवढे पुरत होते.

आता तिच्या खात्यावर काय जमा आहे पाहा. सहा महिन्यांत मराठी. तेही 'ळ' आमच्याहून स्वच्छ. ज्या भाषेच्या नावातच 'ळ' आहे तिला काय शिकवणार? पुरणपोळी, गौरीची भाजी, हळदीकुंकवाचे उखाणे, आत्याच्या उपासाचं कोष्टक, सगळं. आणि श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला ही गॅलरीत फुलांची वर्तुळं मांडू लागली, तेव्हा आम्ही काय म्हणालो? "दिवाळी लांब आहे अजून, आत्ताच कसली रांगोळी?" ती म्हणाली, "ओणम आहे. महाबली येतो." आत्या म्हणाली, "बळी? तो आमच्याकडे पाडव्याला असतो." म्हणजे पाताळात घातलेल्या ज्या राजाची ती वाट पाहत होती, त्याचंच राज्य यावं म्हणून आम्हीही ओवाळत होतो! एकाच राजाची दोन रयत एका घरात राहत होती, आणि आम्ही तिला रांगोळीची तारीख समजावून सांगत होतो.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट दाखवत, खाली इंग्रजी अक्षरं पळत. दिल्लीत ज्या कोणी ही वेळ ठरवली त्याला मराठी माणसाचं रविवारचं जेवण ठाऊक नसावं. वरणभात, मटार-उसळ नि दोन वाट्या बासुंदीनंतर आम्ही सगळे आडवे होत असू. मल्याळम चित्रपट लागला की ही आवाज बारीक करून एकटी बघत बसे. एकदा तहान लागून मी उठलो, तर डोळे पुसत होती. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, सिनेमा." मी पाणी पिऊन परत झोपलो. हे वाक्य लिहायला मला आज जितकं जड जातंय, तितकंच वाचायला तुम्हालाही जावं, अशी इच्छा आहे.

माझे डोळे उघडले ते निवृत्तीनंतर, २०१४ साली, आणि तेही मुलामुळे. त्याने एका रात्री अडूर गोपालकृष्णन यांचा 'एलिप्पत्तायम' लावला. १९८१चा चित्रपट, नावाचा अर्थ उंदराचा सापळा. मोडकळीला आलेल्या तरवाडात, म्हणजे नायर कुटुंबाच्या वडिलार्जित वाड्यात, उन्नी नावाचा एक गृहस्थ बसलेला असतो. बसलेला असतो, एवढंच त्याचं काम. अंगाला तेल लावतो, मिशा कातरतो, वाटेत डबकं लागलं की पाय भिजतील म्हणून समारंभाला न जाता परत फिरतो. मला हा माणूस भारीच विनोदी वाटला. हसून हसून घसा कोरडा पडला, म्हणून 'अगं, पाणी' म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पडद्यावर उन्नीच्या अंगणात गाय शिरली, आणि ती हाकलायला स्वतः न उठता त्याने बहिणीच्या नावाने हाक मारली. मी तोंड मिटलं. त्या रात्री पाणी मी स्वतः घेतलं. फिल्टर कुठे आहे ते मुलाने दाखवलं.

चित्रपट संपल्यावर मी हिला विचारलं, "तुमच्याकडे असं असायचं?" मग ती बोलत राहिली. आईकडून मुलींकडे चालणारा वारसा, घराचा कारभार बापाऐवजी मामाच्या हाती, आणि नवरा म्हणजे बायकोच्या घरी येणारा पाहुणा! एकत्र कुटुंबाची ती पद्धत केरळने कायद्याने मोडली, तो कायदा १९७५चा, म्हणजे आमच्या लग्नाच्या जेमतेम चार वर्षं आधीचा. जिच्या आजीच्या घरात नवरा पाहुणा होता, तिला आम्ही तांदळात नाव लिहून आमच्या घरची करून घेतलं होतं. रात्रीचे अडीच वाजले. 'जेवण झालं का' आणि 'किल्ली कुठे आहे' सोडून पस्तीस वर्षांत मी तिला विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न होता.

इथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, "मग चित्रपट पाहिले की झालं!" नाही झालं. त्याच वर्षी आम्ही महिनाभर ओट्टपालमला जाऊन राहिलो, आणि मी त्या घरात उन्नी शोधू लागलो. मेहुण्याने मला वेड्यात काढलं. तरवाड केव्हाच विकून झालेलं. आताचं घर त्याने वीस वर्षं आखातात राबून बांधलेलं, पक्कं सिमेंटचं. 'एलिप्पत्तायम' त्याने पाहिलेला नव्हता. म्हणाला, "अळियन, मला मोहनलाल आवडतो." चित्रपट म्हणजे देश नव्हे, हे एवढ्या थोडक्यात मला कोणा समीक्षकाने सांगितलेलं नाही.

पण नुसता प्रवास म्हणजेही देश नव्हे. १९८०मध्ये तीच नदी मी पाहिली होती आणि 'पाणी कमी आहे' एवढंच म्हणालो होतो. भारतपुळा तिचं नाव. माणसं प्रेमाने तिला 'निळा' म्हणतात, आणि बराच काळ ती वाळूच्याच रंगाची असते. या खेपेला हिने हात धरून वाळूत उभं केलं नि सांगितलं, इथे आम्ही पोहायचो, इथपर्यंत पाणी होतं, ही वाळू लोकांनी ट्रकांनी उपसून नेली. शोरनूरचा पूल ओलांडून चेरुतुरुत्तीला, वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली स्थापलेल्या कलामंडलमला नेलं. मागे जो डोंगर दिसतो तो आपलाच सह्याद्री. तिथे त्याला 'सह्यन' म्हणतात. ज्याच्या जिवावर आपण शाळेपासून छाती फुगवतो, तो आपला एकट्याचा नाही हे कळल्यावर मला किंचित वाईट वाटलं आणि मग बरं वाटलं. रस्त्यात कोणी तरी "तंकम!" अशी हाक मारली. मी मागे वळून पाहिलं, कोणाला बोलावतायत म्हणून. हिचा चेहरा असा फुलला होता, की मंगला या नावाच्या वाट्याला तो कधी आलेला मला आठवेना.

तेव्हा चित्रपट, प्रवास आणि ते माणूस ही तिपाई आहे. एक पाय काढला की आपटलाच.

"पण सबटायटलं कोण वाचत बसणार? हिंदीत येतंच की सगळं!" हा दुसरा आक्षेप. येतं ना! १९९३चा 'मणिचित्रताळ' २००७ साली 'भूलभुलैया' होऊन येतो. २०१३चा 'दृश्यम' २०१५ साली हिंदीत येतो, आणि इडुक्कीच्या डोंगरातला जॉर्जकुट्टी गोव्यातला साळगावकर होतो. चित्रपट वाईट नाही. मीही शिट्टी मारलीय. पण गोष्ट तेवढी आली, घर तिथेच राहिलं. अंगठीने नाव बदलण्याचाच हा मोठा प्रकार. आणि वाचण्याचं म्हणाल, तर आपण औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचतो, विम्याच्या कागदावरच्या अटी वाचतो. बायकोसाठी दोन तास चार शब्द वाचायला चष्म्याचा नंबर आड येतो होय? मन्ना डे बंगाली. पत्नी सुलोचना केरळच्या. १९६५च्या 'चेम्मीन'मध्ये सलिल चौधरींच्या चालीवर ते मल्याळममध्ये गायले. आपल्याला गायचं नाहीये, नुसतं ऐकायचंय!

तिसरा आक्षेप सर्वांत लबाड : "ती स्वतः कधी काही म्हणाली नाही." माझाही तोच होता. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही म्हणून निर्दोष सुटणारा आरोपी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२०२१ साली 'दि ग्रेट इंडियन किचन' आला. आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला. पुरुष जेवतात, उष्टं टेबलावर टाकतात, उठतात; बाई पुसते, धुते, पुन्हा शिजवते. संपल्यावर मी मुकाट्याने माझं ताट उचलून मोरीत नेऊन घासायला लागलो. ही दारात येऊन म्हणाली, "अहो, सिनेमा केरळचा आहे. तुम्ही कशाला उठलात?"

हल्ली मी तिला तंकम म्हणतो. आत्या असती तर म्हणाली असती, म्हातारचळ लागला. माझा उच्चार चुकतोच, पण ती 'ओ' देते, आणि तेही मल्याळममध्ये.

काल ते गृहस्थ पुन्हा लिफ्टमध्ये भेटले. मी म्हटलं, "हाउसबोट झाली, पण चक्का खाल्लात की नाही?"

ते डोळे विस्फारून म्हणाले, "म्हणजे? तिकडे श्रीखंड मिळतं?"

मी पाचव्याचं बटण दाबलं नि म्हटलं, "वर या. तंकम सांगेल."