परतलेल्यांचा रोजमेळ

स्वीडनमधील ओरिएंटियरिंग शर्यतीत नकाशा व होकायंत्राच्या आधारे रानातील नारिंगी-पांढरी निशाणे क्रमाने शोधत धावायचे असते. घोटा दुखावलेल्या धावपटूला हे काही आठवडे वर्ज्य. तरीही तो येतो आणि अंतिम रेषेपाशी स्वयंसेवक म्हणून बसतो. किती गेले, किती परतले, हा मेळ त्याच्याकडे. शर्यत अर्धवट सोडणाऱ्यानेही तेथे येऊन नोंद द्यावी, असा नियम आहे, विसरणारे असतातच! मात्र एक नाव जरी उरले, तरी कोणी रानात जायबंदी पडला असेल असे धरून शोध घ्यावा लागतो. स्वतः धावत असताना या यादीकडे त्याने कधी पाहिलेही नव्हते. आता निशाणे गोळा होऊन येतात, मंडळी घरी निघतात. शेवटच्या नावापुढे खूण होईपर्यंत तो मात्र उठत नाही.