टोकन नंतर, आधी घाट चढून दाखवा

गेल्या रविवारी शाळासोबती आबाबरोबर पुण्याला गाडी बघायला गेलो होतो. आबाचं आमच्याकडं कराडात अडत दुकान आहे. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा रस्त्यात गेला, त्याचे पैसे आले. त्यातले २२ लाख त्यानं गाडीसाठी बाजूला काढले. नवी नको, सात-आठ वर्षांची जर्मन सेडान पाहिजे आणि तीही मागच्या चाकांवर चालणारी, असा त्याचा हट्ट. "लेका, तू पत्रकार. तुला प्रश्न विचारायची सवय आहे, चल बरोबर," म्हणाला. गेलो. आणि जे बघितलं त्यावर लिहिणं भाग आहे, कारण गावातली निदान चार माणसं सध्या याच वाटेवर आहेत.

आधी हट्टाबद्दल. आमच्या लहानपणी सेडान म्हणजे मागच्याच चाकांची. अॅम्बॅसॅडर तशी, प्रीमियर पद्मिनी तशी. इंजिन पुढं, ताकद मागच्या चाकांना, आणि ती नेणारा शाफ्ट गाडीच्या पोटाखालून. म्हणून मागं मधोमध तो उंचवटा, आणि घरातल्या सगळ्यात लहान पोराची जागा त्यावर! १९८३ साली मारुती ८०० आली ती पुढच्या चाकांवर. मग हळूहळू बहुतेक घरगुती गाड्या तशाच झाल्या. खर्च कमी, आत जागा जास्त. त्यात चूक काही नाही.

पण मागच्या चाकांची गाडी चालवायला वेगळी लागते हे खरं. पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, त्यामुळं स्टेअरिंग मोकळं वाटतं. भरलेली गाडी घाट चढताना वजन मागं येतं आणि मागची चाकं रस्ता धरतात. उलट रिकामी गाडी ओल्या खडीवर चढवा, तीच चाकं जागेवर फिरायला लागतात. आबाच्या बजेटात जुन्या बाजारात मुख्यतः दोनच नावं, बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज आणि मर्सिडीजची सी-क्लास. आणि बोधचिन्ह बघून भुलू नका. मर्सिडीजची साधी ए-क्लास लिमोझिन किंवा बीएमडब्ल्यूची टू सिरीज ग्रान कूपे पुढच्या चाकांवर चालते. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पहिल्या यार्डात गाडी चकाचक. डॅशबोर्डला पॉलिश, आत अत्तराचा वास. आबा विरघळला. तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, आधी ५० हजार टोकन द्या, मग चौकापर्यंत चक्कर मारू. जर्मन गाडी आहे, चालवून काय बघायचं?"

अहो, आपण बाजारात मडकं घेताना दहा वेळा वाजवून बघतो. आणि २२ लाखांची वस्तू चौकापर्यंत? तेही पैसे आधी देऊन? आबाचा हात खिशाकडं गेला होता, तो मी धरला. अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी मालक आला, लायसनची झेरॉक्स घेतली, पेट्रोलचे पैसे आम्ही देऊ म्हटलं आणि गाडी मिळाली. मालकाची बाजूही खोटी नाही. रील काढायला येऊन फुकट चकरा मारणारी टोळकी त्यालाही त्रास देतात. पण त्याचा इलाज लायसन आणि पेट्रोल. टोकन नव्हे.

जुन्या कात्रज घाटात गेलो. आबा गाडीवर, शेजारी यार्डातला पोरगा. मागं आबाची आई, वहिनी आणि मधे मी, त्याच उंचवट्यावर, गुडघे हनुवटीला. घाट सुंदर चढली. पण पुढं सरळ रस्त्यावर ८०च्या वर गेल्यावर माझ्या बुडाखाली थरथर सुरू झाली. पाय सोडला की कमी, दाबला की जास्त. पुढं बसलेल्यांना पत्ता नाही. पोरगा म्हणाला, टायर बॅलन्सिंग. आमच्या गावातल्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "स्टेअरिंग थरथरत नाही ना? मग लिफ्टवर घ्या, मागं जाणारा शाफ्ट बघा." जवळच्या गॅरेजात घेतली. शाफ्टच्या जोडाचं रबर चिरलेलं, मागच्या डिफरन्शियलला तेलाचा ओघळ. चौकापर्यंत गेलो असतो तर हे दिसलं असतं का?

दुसऱ्या यार्डातली दुसऱ्या कंपनीची गाडी त्याच घाटात, त्याच माणसांनी, त्याच दिवशी चालवली. तुलना अशीच होते. एक गाडी आज बाणेरच्या गुळगुळीत रस्त्यावर आणि दुसरी महिन्यानं खड्ड्यात, याला तुलना म्हणत नाहीत. ही गाडी शांत होती, थरथर नाही, 'डी'मधून 'आर'मध्ये टाकताना धक्का नाही. पण एका स्पीडब्रेकरवर पोट घासलं. आणि काकू उतरताना म्हणाल्या, "आबा, गाडी झ्याक आहे रे, पण मला यातनं उठायला दोन माणसं लागतील." सगळ्या टेस्ट ड्राइव्हमधलं सगळ्यात खरं वाक्य ते. गाडी जिच्यासाठी दवाखान्याच्या वाऱ्या करणार, तिला बसवून बघितलंच पाहिजे.

आता सार्वजनिक प्रश्न. केंद्र सरकारनं २२ डिसेंबर २०२२ला मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि त्याच्या ताब्यातली गाडी कोण, कशासाठी, किती किलोमीटर घेऊन गेला याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवावी लागते. टेस्ट ड्राइव्हची नोंदसुद्धा त्यातच. मी दोन्ही ठिकाणी हे अधिकारपत्र मागितलं. एकानं दाखवलं. दुसऱ्यानं चहा मागवला.

हे फक्त पुण्याचं नाही. आपल्याकडं हायवेला लागून झेंडे लावलेली यार्डं बघा. किती जणांकडं ते अधिकारपत्र भिंतीवर आहे? परिवहन खात्यानं एकदा फिरून बघावं. हेल्मेट तपासायला माणसं मिळतात, मग यालाही मिळतील. नाहीतर उद्या टेस्ट ड्राइव्हला अपघात झाला की गाडी कुणाची, विमा कुणाचा, जबाबदार कोण, यावर सगळे एकमेकांकडं बोट दाखवणार.

पण सगळा दोष सरकारवर ढकलून चालणार नाही. आपणच विचारत नाही. शोरूमच्या काचेत शिरलो की आपला आवाज खाली जातो, जणू समोरचा आपल्यावर मेहेरबानी करतोय. पैसे आपले आहेत राव! जमीन एकदाच जाते, तिचे पैसेही एकदाच येतात.

म्हणून एवढंच करा. निदान २० किलोमीटर, त्यात एक चढ, एक खराब रस्ता, एक सरळ पट्टा. घरची माणसं मागं बसवा आणि स्वतःही एकदा मागं बसा. एसी-गाणी बंद करून ऐका. मागच्या टायरांची आतली कड बघा. लिफ्टवर घेतल्याशिवाय हो म्हणू नका. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. अधिकारपत्र आणि नोंदवही बघितल्याशिवाय टोकन नाही म्हणजे नाही.

आबानं अजून गाडी घेतलेली नाही. ५० हजार खिशातच आहेत. काल विचारत होता, थोडी उंच सीटची मागच्या चाकांची सेडान मिळते का? म्हटलं, रविवारी परत जाऊ. काकूंना घेऊन.

तुम्हाला कधी टेस्ट ड्राइव्हआधी टोकन मागितलं का? खाली लिहा. नाव नको, अनुभव लिहा.