इन्सुलिनचं माप आणि पंचावन्न मिनिटं

परवा नांदेडला काकांकडे गेलो होतो. पानं वाढली आणि काकांनी घड्याळ बघितलं. "चला, पंचावन्न मिनिटं सुरू!" पाठोपाठ चार गुलाबजाम.

डॉ. श्रीकांत जिचकारांची ही मांडणी डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना घराघरांत नेली. २०१८ साली राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचा चेहराही तेच झाले. दोनदाच जेवा, याला माझी ना नाही. मधली बिस्किटं आणि गोड चहा सुटला तर उत्तमच. माझं भांडण आहे ते 'मापा'शी. म्हणे, खाल्लं की इन्सुलिनचं एक माप पडतं, मग पंचावन्न मिनिटांत कितीही खा, माप तेवढंच!

अहो, हा इफ-एल्स नाही, फीडबॅक लूप आहे. बीटा पेशीत ग्लुकोज जळतं, एटीपी वाढतं, पोटॅशियमची दारं बंद होतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. साखर जास्त तर इन्सुलिन जास्त. पहिला जोर दहाएक मिनिटांचा, दुसरा साखर उतरेपर्यंत. आणि दिवसाचं जवळजवळ निम्मं इन्सुलिन तर न खाताच पाझरत असतं, यकृताला आवर घालायला. त्याचं माप कोणी पाडलं?

हा नुसता वादाचा विषय असता तर सोडून दिलं असतं. पण काका ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी तीच पोटॅशियमची दारं थेट बंद करते, साखर असो वा नसो. सकाळी गोळी, जेवण एक वाजता. मागच्या महिन्यात अकरा वाजता दरदरून घाम, हात थरथरायला लागले. 'गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा' हे वाक्य फॉरवर्ड होता होता कुठे गळतं कोण जाणे.

आणि आपण सडपातळ आयटीवाल्यांनीही हसू नये. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजनकाट्याला हे कळत नाही.

असो. "काका, घड्याळ ठेवा, ग्लुकोमीटर काढा. आणि गोळीचं उद्याच डॉक्टरांना विचारा," मी म्हटलं.

"विचारतो की. तू खा आधी लेकरा, वीस मिनिटं आहेत अजून."