बापाच्या मापाने देव मोजू नका

ज्याचा बाप दारू पिऊन आईवर हात टाकतो, त्या पोराने देवाला ‘पिता’ म्हणावे तरी कसे? आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतली तरुण मुले हल्ली हे उघड विचारतात. काहींच्या मते हे नातेच प्रार्थनेतून काढून टाकावे, कारण ते जखमेवर मीठ चोळते. सिग्मंड फ्रॉइड यांनी तर १९२७ साली धर्मावरच्या आपल्या पुस्तकात अशा श्रद्धेचे मूळच उपटायला घेतले: लहानपणच्या असहायतेतून मनाने मोठा करून आभाळात बसवलेला बाप, तोच देव.

फ्रॉइड यांचे आधी पाहू. आधार हवासा वाटतो एवढ्याने तो खोटा ठरत नाही, खराही ठरत नाही. शिवाय मनाने रचलेला बाप मनासारखा वागला असता. गेथशेमाने बागेत येशू देवाला ‘अब्बा’ अशी हाक मारून दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवतो आणि प्याला टळत नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस. नुसत्या सांत्वनासाठी कथा रचणाऱ्याने हा प्रसंग गाळला असता.

मार खाल्लेल्या पोराचा प्रश्न याहून जड आहे. पण घरातला बाप पाहूनच देवाचे पितृत्व कळते, हे त्यातले गृहीत येशूला मान्य नाही. लूकच्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत आम्हाला इतका सवयीचा झाला आहे की त्यातला बाप किती जगावेगळा आहे, हे ध्यानातच येत नाही. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, म्हणजे त्याच्या मरणापर्यंतही थांबायला तयार नाही. बाप वाटणी देतो. पैसा उधळून, डुकरे राखून पोरगा उपाशी परततो, तेव्हा तो पाया पडेपर्यंत बाप ओसरीवर बसून राहत नाही. लांबून ओळखतो आणि धावत सुटतो. त्या समाजात मानाचा वडीलधारा माणूस असा चारचौघांत धावत नसे. मला मजूर म्हणून ठेवा, हे पोराने मनाशी जुळवून आणलेले बोलणे ओठांवर येण्याआधीच झगा, अंगठी, जोडे आणायचा हुकूम सुटतो. आणि थोरला रुसून बाहेर उभा राहिला, तर आतली मेजवानी सोडून हाच बाप त्याचीही मनधरणी करायला बाहेर जातो. हा घरोघरीचा बाप मोठा करून काढलेला नाही. याच्यासमोर घरोघरीचा बाप उघडा पडतो.

म्हणूनच घरातल्या पुरुषाला देवाचा प्रतिनिधी ठरवून त्याच्या छडीला शास्त्राधार पुरवणाऱ्या उपदेशकांशीही माझे तितकेच भांडण आहे. पृथ्वीवर कोणालाही पिता म्हणू नका, असे येशूने शिष्यांना बजावल्याचे मत्तय सांगतो. स्वर्गातल्या पित्याच्या नावाने बापाची सत्ता वाढवणाऱ्यांची वाट इथेच बंद होते. यशया संदेष्टा तर देवाच्या सांत्वनाला आईच्या मायेची उपमा देतो आणि आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या वळणाने माउली म्हणतात. यातल्या कोणालाही पुरुषाचा दरारा देवाच्या अंगावर चढवायचा नव्हता.

पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात या नात्याला दत्तकपण म्हटले आहे. दत्तक गेलेल्या मुलाला नवे घर जुन्या घरावरून ओळखावे लागत नाही. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि तिने ते मुलीला दिले. रमाबाईंना ‘पिता’ म्हणणे सोपे गेले असेल. पण १८९७च्या सुमारास दुष्काळातून त्यांनी केडगावला आणलेल्या मुलींचे काय? कित्येकींना बापाचे छत्र नव्हते. त्यांना तिथे अन्न मिळाले, अक्षर मिळाले, शेतीपासून विणकामापर्यंत हाताला काम मिळाले. देवाला पिता म्हणायला त्या शिकल्या. पण पिता कसा वागतो, हे त्यांनी आधी पाहिले असणार ते एका विधवा बाईच्या वागण्यातून.