पंखा बदलण्यापूर्वी

ग्वाल्हेरचा उन्हाळा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो आणि वर्गातला एक पंखा बंद पडला की त्याखाली बसलेल्या मुलांचे लक्ष फळ्यावर राहत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत तीन वर्गांतून तक्रार आली, ‘पंखा खराब आहे.’ आम्ही तिन्ही पंखे उतरवून नवे बसवले. पैसे पालकांच्या वर्गणीतले होते.

दिवाळीच्या सुट्टीत भंगार काढताना मिस्त्रीने ते जुने पंखे तपासले. दोघांचा फक्त कंडेन्सर गेला होता, म्हणजे शंभर रुपयांच्या आतली वस्तू. तिसऱ्यात काहीच दोष नव्हता. त्या वर्गाचा रेग्युलेटर बिघडलेला होता आणि नवा पंखाही तेथे मंदच फिरत होता. चूक आमची होती, म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत.

‘खराब आहे’ ही तक्रार अपुरी आहे. डॉक्टरकडे जाऊन आपण ‘बरे नाही’ एवढेच सांगत नाही. कुठे दुखते, कधीपासून दुखते, हेही सांगतो. पंख्याचेही तसेच आहे. खर्च करण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, एकच पंखा मंद आहे की सगळे? सगळे मंद असतील तर दोष पंख्यांचा नसून व्होल्टेजचा असतो. मोहल्ल्यातले सगळे कूलर सुरू झाले की असे होते.

दुसरी, एकच पंखा मंद असेल तर रेग्युलेटर बदलून पाहावा. वेग वाढला तर दोष तिथेच सापडला. वेग तरीही वाढला नाही, तर वीज पूर्ण बंद करून मोठ्या माणसाने पाते हाताने फिरवावे. ते जड फिरत असेल किंवा खरखरत असेल तर बेअरिंग गेले आहे. सहज आणि बिनआवाज फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर कमजोर झाला आहे.

तिसरी, पंखा घूं घूं करतो पण फिरत नाही, आणि ढकलल्यावर ढकलू त्या दिशेने फिरू लागतो, हे कंडेन्सर निकामी झाल्याचे लक्षण. घरच्या विजेवर मोटरच्या एका वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र नुसते मागेपुढे होते, गोल फिरत नाही. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह कंडेन्सरमुळे वेळेत थोडा पुढे सरकतो आणि मग क्षेत्र फिरू लागते. असा घुमणारा पंखा चालू ठेवू नये, आतले वेटोळे तापून जळते. नवा कंडेन्सर जुन्यावर छापलेल्या मापाचाच घ्यावा. बहुतेक पंख्यांत ते 2.5 मायक्रोफॅरड असते. वेग वाढवण्यासाठी मोठा बसवला तर मोटर तापते.

चौथी, पंखा डोलत असेल तर पात्यांचे स्क्रू, वाकलेले पाते आणि छतातला हूक, बोल्ट व पिन तपासून घ्यावी. बाकीचे काम उद्यावर ढकलता येईल; हे ढकलू नये, कारण खाली मुले बसलेली असतात.

जळका वास आला तर मात्र लगेच बंद करावा. मोटर जळली असेल तर नवा पंखा घेणेच बहुधा शहाणपणाचे. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीच्या ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. बीएलडीसीची रचना वेगळी असते, वरील कंडेन्सरचे निदान त्याला लागू नाही.

काही पालक म्हणतील, मुलांना विजेजवळ नेताच कशाला? ही भीती रास्त आहे. आमचे शिपाईकाका एकदा बटण बंद करून पंखा पुसायला स्टुलावर चढले. मिस्त्री तिथेच होता. त्याने आधी टेस्टर लावला, तर तो उजळला. त्या खोलीत बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर जोडलेले होते, म्हणजे बटण बंद असूनही पंख्यात वीज येत होती. मिस्त्री नसता तर काय झाले असते, हा विचार अजूनही आम्हाला अस्वस्थ करतो. म्हणून नियम हा की पंख्याला हात लावण्यापूर्वी एमसीबी किंवा मेन बंद. नुसत्या बटणावर विश्वास नाही. उघडणे, जोडणे हे काम मिस्त्रीचेच. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक असू शकतो.

पण पाहणे, ऐकणे आणि नीट लिहून ठेवणे, यात धोका कोणता? आमच्या मते उलट धोका न शिकवण्यात आहे. आम्ही पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकलो. ‘संधारित्रा’ची व्याख्या आम्हाला तोंडपाठ होती, परीक्षेत गुणही मिळाले. मिस्त्री ज्याला कंडेन्सर म्हणतो तो हाच, हे मात्र आम्हाला पन्नाशीत, भंगाराच्या ढिगाशेजारी उभे राहिल्यावर कळले. आमच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत असे होऊ नये.

म्हणून या सत्रापासून प्रत्येक वर्गात एक वही राहील. पंखा बिघडला की वर्गप्रमुखाने तारीख घालून लिहायचे: एकच पंखा की सगळे, मंद की बंद, आवाज कसा, डोलतो का, वास येतो का. ‘खराब आहे’ एवढेच लिहिलेली तक्रार परत पाठवली जाईल. मिस्त्री काय दुरुस्त करून गेला, तेही त्याच पानावर लिहायचे, म्हणजे आपला अंदाज बरोबर होता की चुकला, हे मुलांना कळेल.

पालकांना विनंती एवढीच की घरचा पंखा कुरकुरू लागला तर दुकानात जाण्याआधी मुलाला शेजारी उभे करून विचारा, ‘काय झाले असेल, सांग बरे?’ उत्तर चुकले तरी चालेल. त्याने आधी नीट पाहिले पाहिजे, एवढेच.