वाघ समवर्ती सूचीत, गाय मात्र एकट्या शेतकऱ्याची

बंगळुरू – कर्नाटक मंत्रिमंडळाची २४ एप्रिल २०२५ ची बैठक विधानसौधात न होता चामराजनगर जिल्ह्यातील मले महादेश्वर डोंगरावर झाली. राजधानीपासून दूर राहिलेल्या मागास सीमाभागाचा सरकारला विसर पडलेला नाही, हा त्यामागचा राजकीय संदेश होता. त्यानंतर बरोबर दोन महिने आणि दोन दिवसांनी त्याच डोंगररांगेतील अभयारण्यात, हूग्यम वनपरिक्षेत्रात, एक वाघीण आणि तिचे चार बछडे मृतावस्थेत आढळले. वाघिणीने गाय मारली होती. त्या गाईच्या कलेवरात विष कालवण्यात आले आणि उरलेले मांस खाण्यासाठी परतलेले वाघाचे अख्खे कुटुंब संपले, असे तपासात निष्पन्न झाले. ज्या देवाच्या नावाने हा डोंगर ओळखला जातो, त्या महादेश्वराचे वाहन वाघ आहे. तेथील माणसाने वाघाला विष घातले असेल, तर प्रश्न केवळ गुन्हेगारीचा उरत नाही. तो राज्यकारभाराचा होतो.

या घटनेनंतर सरकारने जे केले, ते अशा प्रसंगी कोणतेही सरकार करते. संशयितांना अटक झाली, चौकशी समिती नेमली गेली, अधिकाऱ्यांवर ठपका आला. जंगलात गस्त घालणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांचे काही महिन्यांचे वेतन थकले होते, ही माहितीही त्याच ओघात बाहेर आली. पुढे जुलै महिन्यात वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी राज्यातील वनक्षेत्रांत गुरे चारण्यास बंदी घालण्याचे निर्देश अधिकाऱ्यांना दिले. ऑक्टोबरमध्ये याच अभयारण्यात आणखी एक वाघ मारला गेल्याचे उघडकीस आले. त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले होते आणि त्यामागेही गाय गमावल्याचाच राग असल्याचे सांगितले गेले. अटक, समिती आणि बंदी या तीनही उपायांनंतर हे घडले, याची नोंद घेतली पाहिजे.

चराईबंदीमागचा युक्तिवाद निराधार नाही. हजारो गुरे जंगलात शिरली की हरणा-सांबरांचा चारा संपतो, पाळीव जनावरांचे रोग रानात पसरतात आणि वाघाला सोप्या शिकारीची सवय लागते. परंतु बंदीमुळे गाय जंगलात जाणे थांबतेच असे नाही. गाय मेल्याची खबर वनखात्यापर्यंत येणे मात्र खात्रीने थांबते. चराईच बेकायदा ठरली, तर भरपाई मागणारा शेतकरी स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देऊनच अर्ज करणार. तो अर्ज करण्याऐवजी गप्प बसणे पसंत करतो आणि गप्प बसलेल्या माणसाच्या घरात कीटकनाशकाची बाटली असतेच. शिवाय ज्या संसदेने १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला, तिनेच २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. वनमंत्र्यांच्या एका निर्देशाने हा पेच सुटण्यासारखा नाही.

मराठी वाचकाला हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे, वाघीण आणि तिची पिल्ले असे चार वाघ विषप्रयोगाने मेले. अटक झाली ती गुरे पाळून जगणाऱ्या स्थानिक रहिवाशांना, आणि कारण तेच होते: मारले गेलेले जनावर. त्यानंतर चर्चा रंगली ती म्हादईला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा द्यावा की नाही याची. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तसा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अभयारण्याच्या दर्जावर वर्षानुवर्षे वाद चालला, पण सत्तरीतल्या गवळ्याची गाय मेली तर किती दिवसांत कोण येणार, या प्रश्नाला त्या वादात स्थान मिळाले नाही.

महाराष्ट्रात हाच प्रश्न बिबट्याच्या रूपाने उभा आहे. जुन्नर परिसरातील उसात बिबट्याने घर केले त्याला आता दोन तपांहून अधिक काळ लोटला. २००१ ते २००३ या काळात तेथे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम राबवली गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात ही सरासरी सतरावर गेली. लोकांच्या रागाला तत्काळ उत्तर म्हणून लावलेला पिंजरा लोकांवरच उलटला, असा हा अनुभव आहे.

तो अनुभव विसरला गेला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने तिघांचे बळी घेतले, त्यांत लहान मुले होती. संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेष धारण करून विधानभवनात आले. वनमंत्री गणेश नाईक यांनी, मृतांच्या वारसांना कोटी रुपये देण्यापेक्षा तेवढ्या रकमेच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात, असा हिशेब मांडला. नसबंदीचे प्रस्ताव आले. बिबट्याला कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातून दुसऱ्यात टाकण्याची मागणी केंद्राकडे गेली.

या शेवटच्या मागणीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कायद्याच्या कलम ११ नुसार पहिल्या परिशिष्टातील प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. दुसऱ्या परिशिष्टातील प्राण्याबाबत मालमत्तेचा धोकाही पुरेसा ठरतो. म्हणजे नरभक्षक बिबट्यासाठी परिशिष्ट बदलण्याची गरजच नाही, ती तरतूद आजही आहे. बदलाने साध्य होईल ते इतकेच की शेळी मारल्याबद्दलही बिबट्याला गोळी घालता येईल. पण गोळीने शेळीचे पैसे मिळत नाहीत, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात १,९८५ आणि कर्नाटकात १,८७९ बिबटे आहेत. हा प्रश्न बंदुकीने सुटण्याच्या आकाराचा राहिलेला नाही.

मुळात वन्यजीव हा राज्यांचा विषय होता. १९७२ चा कायदा संसदेने राज्यांच्याच विनंतीवरून, घटनेच्या अनुच्छेद २५२ खाली केला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी समवर्ती सूचीत गेले. अधिकाराची अशी वाटणी झाली, खर्चाची मात्र झाली नाही. वाघ राष्ट्राचा आहे, त्याची गणना राष्ट्रीय आहे, त्याचा अभिमानही राष्ट्रीय आहे. २०२२ च्या गणनेत कर्नाटकात ५६३ वाघ निघाले, तेव्हा त्याचे श्रेय घ्यायला दिल्ली आणि बंगळुरू दोघेही पुढे होते. वाघाने मारलेल्या गाईची भरपाई मात्र प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने ठरवते आणि ती मिळेपर्यंतचा तोटा एकटा शेतकरी सोसतो. हा हक्क देणारे स्वतंत्र कलम केंद्रीय कायद्यात नाही. संसदेत मानव-वन्यजीव संघर्षावर प्रश्न विचारला जातो, तेव्हाही उत्तरासोबत सहसा माणसांच्या मृत्यूंचे तक्ते येतात. मेलेल्या जनावरांचा हिशेब देशाच्या पटलावर क्वचितच मांडला जातो.

महाराष्ट्रात २०२२ पासून गाय, म्हैस किंवा बैलासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी ही मर्यादा १५ हजार आहे. दर अगदीच तुटपुंजे म्हणता येणार नाहीत. प्रश्न वेळेचा आहे. शेतकऱ्याने ४८ तासांत खबर द्यावी, पंचनाम्यापूर्वी कलेवर हलवू नये, असे नियम सांगतो. शेतकऱ्याची मुदत चुकली तर दावा बुडतो. शासनाची चुकली तर कोणाचेही काही बुडत नाही.

वाघ किंवा बिबट्या आपल्या शिकारीकडे परत येतो. म्हणून कलेवर पडून राहते ते एक-दोन दिवसच निर्णायक असतात. विष घातले जाते ते त्याच काळात आणि पंचनामा होऊ शकतो तोही त्याच काळात. कलेवरापाशी आधी कोण पोहोचतो, वनरक्षक की कीटकनाशक, यावर वाघाचे भवितव्य ठरते. वनरक्षक चोवीस तासांत यावा, रकमेचा निम्मा हिस्सा पंचनाम्याच्या जागीच द्यावा, उरलेला महिन्यात खात्यात जमा व्हावा आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे. चराई कायदेशीर होती की नाही, याचा निवाडा पैसे दिल्यानंतर स्वतंत्रपणे करावा. काही जण याचा गैरफायदा घेतील, हे खरे. पण पाच वाघांची किंमत मोजण्यापेक्षा चार खोटे दावे परवडतात. बिबट्याच्या मुलखात, जेथे शिकार रात्री गोठ्यातून होते, तेथे बंदिस्त गोठ्यासाठी अनुदान द्यावे. खर्चात केंद्राचा ठरावीक वाटा असावा आणि हे सारे परिपत्रकात नव्हे, कायद्यात असावे. ज्या संसदेने वाघाला हक्क दिला, तिनेच गाईच्या मालकालाही तो दिला पाहिजे.

बंगळुरूत फेब्रुवारी २०१६ मध्ये एका शाळेत बिबट्या शिरला तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. हूग्यमच्या रानात गाय पडली तेव्हा तिकडे पाहणारे कोणी नव्हते. विधानसौधाच्या दर्शनी भागावर 'सरकारी काम हे देवाचे काम' असे कोरलेले आहे. महादेश्वराच्या डोंगरावर ते काम एका मेलेल्या गाईचा पंचनामा करण्याचे होते. ते वेळेवर झाले असते, तर पाच वाघ वाचण्याची शक्यता होती.