शाळेपुढचा रस्ता आणि हात आडवा करणारा माणूस

आपल्या गावची शाळा रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे आणि वाड्यावस्त्या कोणत्या अंगाला, हे आधी डोळ्यांपुढे आणा. शाळा बांधली तेव्हा रस्ता खडीचा होता, दिवसातून दोन-तीन एस.टी. जायच्या. पुढे तोच डांबरी झाला, रुंद झाला, कुठे चौपदरी झाला. शाळा मात्र आहे तिथेच राहिली. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना शे-दीडशे पोरं तो रस्ता ओलांडतात. बहुतेक गावांत त्यांच्यासाठी तिथे कोणीच उभं नसतं.

रस्ता झाला हे चांगलंच झालं. डाळिंब, द्राक्ष, दूध बाजारात वेळेवर पोचतं, त्याला कोण नको म्हणेल? पण त्याच रस्त्याचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत दगावली. त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले. अपघात म्हणजे मुंबई-पुण्याचा प्रश्न असे समजणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

आता साधे गणित करू. दुपदरी रस्ता सुमारे ७ मीटर रुंद असतो. पाठीवर दप्तर असलेलं पहिली-दुसरीचं पोर सेकंदाला मीटरभर चालतं, म्हणजे ओलांडायला ७ सेकंद. ताशी ८० किलोमीटरने येणारी जीप तेवढ्या वेळात सुमारे १५५ मीटर कापते, म्हणजे विजेच्या तीनेक खांबांचं अंतर. तीच जीप ४० च्या वेगाने आली तर अंतर निम्म्यावर येतं. खांबापलीकडची गाडी लांब आहे की जवळ, हळू आहे की जोरात, याचा अंदाज मोठ्या माणसाला येतो. नऊ-दहा वर्षांखालच्या मुलाला तो नीट येत नाही. पोर दांडगट किंवा बावळट आहे म्हणून असं होत नाही. वेग आणि अंतर एकदम तोलायची समज त्या वयात पुरती आलेली नसते, एवढंच. म्हणून ‘दोन्हीकडं बघून जा रे’ एवढं सांगून भागत नाही. ते बघतं, पण बघितलेल्याचा अर्थ त्याला लागत नाही.

ऊस पट्ट्यातल्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, आणि वर टेपचा आवाज असा की मागून हॉर्न वाजला तरी ड्रायव्हरला ऐकू येत नाही. ट्रॉली गेली की पोरं मोकळा रस्ता समजून धावतात. नेमकी त्याच वेळी ट्रॉलीआड झाकलेली मोटारसायकल ओव्हरटेक करून बाहेर येते. ही गाडी पोराला दिसू शकत नाही. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला मात्र ती आधी दिसते.

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे गतिरोधक. अपघात झाला की रास्ता रोको, आणि दुसऱ्या रात्री गावच्या पोरांनी मुरूम-डांबर टाकून केलेला उंचवटा! राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक ठेवू नयेत असे केंद्राचे धोरण आहे. इतर रस्त्यांवरही परवानगीशिवाय तो करता येत नाही. शिवाय पट्टे न मारलेल्या अशा उंचवट्यावर रात्री दुचाकीवाला आपटला, तर तोही कुणाचा तरी मुलगाच. रीतसर गतिरोधक, रंबल पट्ट्या, शाळेचा फलक ही कामे सार्वजनिक बांधकाम खात्याकडून किंवा महामार्गवाल्यांकडून करून घेतलीच पाहिजेत. पण गतिरोधक गाडी हळू करतो, पोराला ‘आता चल, आता थांब’ सांगत नाही. ते काम माणसाचंच.

इंग्लंडात हे काम कायद्याने लावून दिलेले आहे. १९५३ साली तिथे शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या रक्षकांचा कायदा झाला. अंगात चमकणारा लांब कोट, हातात काठीवर गोल पाटी. ती पाटी पुढे केली की वाहनचालकाने थांबलेच पाहिजे, न थांबणे गुन्हा. या कामावर बरेचदा निवृत्त बायामाणसे असतात. मात्र तिथेही हे रक्षक नेमायची सक्ती स्थानिक संस्थांवर नाही, त्यामुळे पैसा कमी पडला तेव्हा अनेक ठिकाणी ही पदे कापली गेली. पगार कोणी द्यायचा हे पक्के नसेल तर चांगली योजनाही अशी सुकते.

आपल्याकडची अडचण त्याहून मूळची आहे. गाडी थांबवण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे. गावच्या माणसाने हात केला तर ती विनंतीच ठरते. म्हणून हा रक्षक नुसता गावाने उभा करून चालणार नाही, त्याच्यामागे पोलीस ठाणे हवे. सरपंचांनी ठरावाची प्रत ठाण्यात द्यावी, पोलीस पाटलांनी पाठपुरावा करावा. रक्षकाला दोन दिवस वाहतूक पोलिसाकडून हाताचे इशारे शिकवून घ्यावेत. निदान सुरुवातीचे आठ दिवस शाळेच्या वेळेला एक पोलीस किंवा होमगार्ड शेजारी मागावा. चालकांना सवय लागली की पुढचे काम सोपे होते. पालखी येते तेव्हा गावोगावची तरुण मंडळी पोलिसांच्या जोडीने चौकात उभी राहतात आणि भल्याभल्यांच्या गाड्या थांबतात, हे सोलापूर जिल्ह्याने वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. पोरांसाठी तसेच करायचे आहे, फक्त रोज.

पैशाचे काय? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरते. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास धरला तर वर्षाला दोनशे-सव्वादोनशे तासांचे काम. एवढे मानधन घरपट्टीतून निघणे अवघड नाही. वित्त आयोगाच्या निधीवर मात्र विसंबू नका. पंधराव्या आयोगाच्या अबंधित निधीतूनही पगार-आस्थापनेवर खर्चाला मनाई होती, हे ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) माहीत आहेच. माणूस शोधायलाही लांब जावे लागत नाही. निवृत्त फौजी, बचत गटातली एखादी खमकी बाई, कुणीही चालेल. नजर आणि कान शाबूत हवेत, आणि ते माणूस रोज यायला हवे. शिक्षकांच्या गळ्यात हे काम घालू नका. दोन शिक्षकी शाळेत एक बाहेर उभा राहिला तर आतली पोरं वाऱ्यावर.

मोठ्या मुलांना शिट्टी देऊन रस्त्यात उभे करण्याची हौस काही ठिकाणी दिसते. ती घातक आहे. रस्ता सुरक्षा दलातल्या मुलांनी कडेला उभे राहून लहानांची रांग धरावी. वाहन अडवायला सज्ञान माणूसच हवा, आणि त्याच्याही अंगात चमकणारे जाकीट व हातात ‘थांबा’ची पाटी पाहिजेच. ते नसेल तर आपण एका म्हाताऱ्याला रस्त्यात नुसता उभा करतोय.

जिथे रस्ता चौपदरी आहे आणि गाड्या शंभराच्या घरात पळतात, तिथे हा माणूस पुरणार नाही. तिथे भुयारी मार्ग किंवा पादचारी पूलच मागावा. तसा अर्ज जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह द्यावा. या समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात, त्यामुळे ठरावाला वजन येते.

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होते तेव्हा कारखान्यांचे गाळपही जोरात आलेले असते. म्हणून हा विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढेच यायला हवा. ठरावात वेळा स्पष्ट लिहा. शनिवारची शाळा सकाळची असते, त्या दिवशी नेमका माणूस अकराच्या आधी घरी जेवायला गेलेला नसावा.